डिस्टिंक्ट लावलं की झालं?

डेटावाल्यांच्या ग्रुपांवर एक सल्ला सर्रास दिला जातो: ‘जॉइननंतर एकच माणूस चारदा दिसतोय? वेटवर सम डिस्टिंक्ट लावा, झालं. आणि नुसती टक्केवारी हवी असेल तर तेही नको. अंश आणि छेद दोन्ही सारखेच फुगतात, उत्तर तेच येतं.’

(जॉइन म्हणजे दोन तक्ते समान रकान्यावरून जोडणं, वेट म्हणजे सर्व्हेत एकेकाच्या उत्तराला किती वजन द्यायचं तो आकडा, आणि सम डिस्टिंक्ट म्हणजे पुन्हा आलेला आकडा एकदाच धरणारी बेरीज.) यातलं एकही वाक्य टिकत नाही. उदाहरण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचं (२०१९-२१) घेऊ. त्यात स्त्रियांच्या फाइलीत एका बाईची एक ओळ असते. जन्मांच्या फाइलीत तिच्या प्रत्येक अपत्याची वेगळी ओळ असते, आणि आईचं वेट (व्ही००५ हा रकाना, दहा लाखांनी भागून) प्रत्येक ओळीत जसंच्या तसं येतं. दोन्ही फाइली जोडल्या की घोळ सुरू.

समजा चारच बायका आहेत. अ: वेट १.५, मुलं चार, निरक्षर. ब: वेट १.५, एक मूल, साक्षर. क: वेट ०.५, एक मूल, साक्षर. ड: वेट ०.५, मूल नाही, साक्षर. साक्षर किती टक्के? एकूण वेट ४, त्यात साक्षरांचं २.५. म्हणजे ६२.५ टक्के.

आता आधी ‘दोन्ही सारखेच फुगतात’ हे पाहू. इनर जॉइन (दोन्ही फाइलींत जुळणाऱ्याच ओळी ठेवणारा) केल्यावर अ चार वेळा येते आणि ड गायबच होते. एकूण ८, साक्षर २, उत्तर २५ टक्के. सगळ्यांना सारखीच मुलं असती तर फुगवटा सारखा झाला असता. पण ज्या घरात मुलं जास्त, तिथे शिक्षण कमी, असे संबंध शोधायलाच तर आपण सर्व्हे उघडतो.

सम डिस्टिंक्टची तऱ्हा याहून वाईट. ते माणसं वेगळी करत नाही, आकडे वेगळे करतं. आपल्या चौघींत वेटचे आकडे दोनच, १.५ आणि ०.५. छेद २, साक्षरांचा अंशही २. शंभर टक्के साक्षरता! चौघींच्या उदाहरणात हसू येतं, पण खऱ्या फाइलीत हे कळतही नाही. तिथे एका क्लस्टरमधल्या (सर्व्हेसाठी निवडलेल्या एका गावातल्या किंवा वस्तीतल्या) बायकांचं व्ही००५ सारखंच असतं, आणि एका क्लस्टरमध्ये साधारण २२ घरं निवडलेली असतात. सम डिस्टिंक्टने अख्खी वस्ती एका बाईत गोळा होते.

‘मग आयडी आणि वेट मिळून डिस्टिंक्ट घेतो’ असं कुणी म्हणेल. हे बरं, पण दोन अटींवर. एक, आयडी पूर्ण हवा: क्लस्टर, घर आणि ओळ क्रमांक तिन्ही मिळून. नुसता घर क्रमांक प्रत्येक क्लस्टरमध्ये पुन्हा येतो. दोन, जॉइन लेफ्ट (स्त्रियांच्या फाइलीतली प्रत्येक ओळ राखणारा) हवा, नाहीतर ड परत येत नाही. मी स्वतः असा थेट जॉइनच टाळतो. जन्मांची फाइल आधी सबक्वेरीत आईनिहाय ग्रुप बाय करायची, म्हणजे एका बाईची एकच ओळ उरते, आणि मग ती स्त्रियांच्या फाइलीला लेफ्ट जॉइन करायची. ‘पाच वर्षांत बाळंतपण झालं का’ एवढंच विचारायचं असेल तर एक्झिस्ट्स (अशी ओळ आहे की नाही एवढंच तपासणारी अट) पुरतं.

उलट बाजूनेही सांगायला हवं, कारण काहीजण दुहेरी ओळ दिसली की झाडूच घेतात. या फेरीतलं ‘८८.६ टक्के जन्म दवाखान्यात’ हे प्रमाण जन्मांचं आहे. तिथे मोजायची गोष्ट बाळंतपण, म्हणून आईचं वेट प्रत्येक जन्मासाठी पुन्हा मोजणंच बरोबर. तिथे डिस्टिंक्ट लावलंत तर चूक तुमची. तसंच, एकाहून जास्त पर्याय निवडता येणाऱ्या प्रश्नात टक्क्यांची बेरीज शंभरापुढे गेली तर ती दुरुस्त करायला जाऊ नका. फक्त छेदात प्रत्येक बाई एकदाच आली ना, ते पाहा.

ते पाहायची सोयही याच फाइलीत आहे. व्ही००५ देशपातळीवर असं बसवलंय की सगळ्या बायकांच्या वेटची बेरीज मुलाखतींच्या संख्येइतकी येते: ७,२४,११५. जॉइननंतर, कुठलीही गाळणी लावण्याआधी, ही बेरीज काढा. तिथे दुसराच आकडा आला तर पुढची क्वेरी लिहूच नका.