आमदाराचे काम कोणत्या मापाने मोजावे?

गेल्या महिन्यात आमच्या आमदारांचा कार्यअहवाल घरोघरी वाटण्यात आला. गुळगुळीत कागद, रंगीत छपाई आणि पानापानावर कुदळ मारतानाची, फीत कापतानाची, सभामंडपाच्या कोनशिलेसमोर उभे राहिल्याची छायाचित्रे. शेवटून दुसऱ्या पानावर एक लहानसा तक्ता होता. सभागृहातील उपस्थिती, तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात), लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणाऱ्या), अर्धा तास चर्चा, आणि प्रत्येकापुढे एक आकडा. मी त्या तक्त्यापाशी बराच वेळ थांबलो, कारण संपूर्ण पुस्तिकेत आमदार या पदाचे खरे काम सांगणारी तेवढीच जागा होती.

रस्ता, समाजमंदिर, हायमास्ट दिवे यांना मी कमी लेखत नाही. परंतु रस्ता सार्वजनिक बांधकाम विभाग करतो, त्याचा पैसा राज्याच्या तिजोरीतून येतो आणि स्थानिक विकास निधी प्रत्येक आमदाराला सारखाच, वर्षाला पाच कोटी रुपये, मिळतो. २८८ जणांना आपण विधानसभेत पाठवतो ते कायदे करण्यासाठी, अर्थसंकल्प तपासण्यासाठी आणि सरकारला जाब विचारण्यासाठी. गावात मात्र आमदाराचे माप वेगळेच असते. लग्नाला आला का, मयताला आला का, फोन उचलतो का, बदलीचे पत्र देतो का. लोक असे मोजतात यात त्यांचा दोष नाही. सभागृहात काय घडते हे त्यांच्यापर्यंत कधी नीट पोहोचलेलेच नाही.

म्हणून ज्यांनी हे मोजण्याची सुरुवात केली त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. २००५ मध्ये सुरू झालेली पीआरएस ही दिल्लीची संस्था प्रत्येक खासदाराची उपस्थिती, प्रश्न, चर्चेतील सहभाग आणि अशासकीय (म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेली) विधेयके यांची नोंद सर्वांसाठी खुली ठेवते, तर मुंबईत प्रजा फाउंडेशन शहरातील आमदार आणि नगरसेवकांचे प्रगतिपुस्तक काढते. त्याआधी सामान्य मतदाराला आपल्या प्रतिनिधीने सभागृहात तोंड उघडले की नाही, हे कळण्याचा मार्गच नव्हता. माझी तक्रार मोजण्याबद्दल नाही. आकडा हाती आला की आपण त्याच्या पलीकडे पाहणे थांबवतो आणि मग लोकप्रतिनिधीही आकड्यासाठीच काम करू लागतात, याबद्दल आहे.

तारांकित प्रश्नोत्तरांची छापील यादी ज्यांनी हातात घेतली असेल त्यांना तिची भाषा पाठ असेल. आधी सदस्यांची नावे, मग ‘सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’, आणि त्याखाली ठरलेल्या पायऱ्या: अमुक गोष्ट निदर्शनास आली आहे हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, असल्यास, चौकशीत काय आढळून आले, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तरही तितकेच ठरलेले असते. ‘हे अंशतः खरे आहे.’ मग मधल्या पोटप्रश्नांना मिळून एक परिच्छेद. शेवटी, ‘प्रश्न उद्भवत नाही.’ वर्तमानपत्रातील एखादी बातमी घेऊन या साच्यात बसवणे अवघड नाही, आणि सरावलेला स्वीय सहायक अधिवेशनापूर्वी असे पन्नास प्रश्न सहज तयार करू शकतो. त्या पन्नासांची संख्या तक्त्यात दिसते. त्यांपैकी कोणत्या प्रश्नामागे सदस्याने स्वतः जाऊन पाहिलेले वास्तव आहे, ते दिसत नाही.

शिवाय एकाच प्रश्नावर चार-चार, सहा-सहा सदस्यांची नावे असतात आणि प्रत्येकजण तो आपल्या खात्यावर मांडू शकतो. लोकसभेत तर एका दिवसाच्या यादीत वीसच तारांकित प्रश्न घेतले जातात आणि कोणाचा प्रश्न यादीत येईल हे सोडतीने ठरते. त्या विसांपैकीही तोंडी उत्तरापर्यंत मोजकेच पोहोचतात. अर्थात, आपण ज्याला कार्यक्षमता म्हणतो त्यात नशिबाचा वाटाही असतो.

प्रश्नांची संख्या हेच भूषण मानले की काय होऊ शकते, हे आपण दोनदा पाहिले आहे. १९५१ मध्ये, हंगामी संसदेच्या काळात, मुंबईच्या सराफ बाजारातील बुलियन असोसिएशनकडून आर्थिक लाभ घेऊन संसदेत तिचे हितसंबंध जपल्याबद्दल एच. जी. मुद्गल या सदस्यावर ठपका आला. चौकशी समिती नेमली गेली, त्यांना काढून टाकण्याचा ठराव पंडित नेहरूंनी स्वतः मांडला आणि मुद्गलांनी राजीनामा दिला. त्यानंतर २००५ च्या डिसेंबरमध्ये छुप्या कॅमेऱ्यांनी प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेणारे खासदार दाखवले आणि दहा-बारा दिवसांत संसदेने अकरा जणांची हकालपट्टी केली. विकत दिलेला तो प्रत्येक प्रश्न नोंदवहीत मात्र एक प्रश्न म्हणूनच मोजला गेला असता.

आता उलट बाजू पाहा. १९६७ च्या फेब्रुवारीत गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, मूलभूत हक्कांचा संकोच होईल अशी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही, असा निर्णय दिला. राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै यांनी काही आठवड्यांत अशासकीय घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत आणले. ते संयुक्त समितीकडे गेले, त्यावर देशभर वाद झाला, मोठमोठ्या कायदेपंडितांनी बाजूने आणि विरोधात लिहिले, पण ते मंजूर झाले नाही. १८ जानेवारी १९७१ रोजी नाथ पै गेले. संसदेचा तो अधिकार स्पष्टपणे सांगणारी चोविसावी घटनादुरुस्ती त्याच वर्षी सरकारने केली. विधेयकाची भूमिका बरोबर होती की चूक, यावर आजही मतभेद होऊ शकतात, पण एका विरोधी सदस्याने संपूर्ण देशाला घटनेच्या गाभ्याविषयी विचार करायला लावला हे निर्विवाद आहे. आजच्या तक्त्यात त्यांच्या नावापुढे ‘मंजूर विधेयके: शून्य’ असे आले असते. आजवर संसदेने केवळ चौदा अशासकीय विधेयके मंजूर केली आणि त्यांतले शेवटचे १९७० सालचे आहे, हे लक्षात घेतले तर या रकान्यातले शून्य किती अर्थहीन आहे ते कळेल.

वि. स. पागे यांचे उदाहरण मला त्याहूनही जवळचे वाटते. १९६० पासून १९७८ पर्यंत ते विधान परिषदेचे सभापती होते. सभापती प्रश्न विचारत नाही, लक्षवेधी मांडत नाही, भाषणही करत नाही. ज्या रकान्यांवर आपण सदस्यांना गुण देतो ते सगळे त्यांच्यापुरते रिकामे राहिले असते. परंतु मागेल त्याला काम आणि कामाला ठरलेला दाम, ही कल्पना त्यांनी धरून ठेवली. तासगाव तालुक्यातील विसापूरला तिचा लहान प्रमाणावर प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात तिच्या आधाराने लाखो माणसे जगली आणि १९७७ मध्ये महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. पुढे २००५ मध्ये देशाने हमीचा जो कायदा केला त्याचे मूळ या कायद्यात आहे. खडी फोडून मुले वाढवलेल्या बायका माझ्या लहानपणी आमच्याच आळीत होत्या. त्या पागे यांचे नाव कधी घेत नसत, पण ‘रोहयो’ हा शब्द त्यांना ठाऊक होता.

समित्यांचे काम असेच अंधारात राहते. महिला आणि बालकांवरील अत्याचारांविरुद्ध डिसेंबर २०२० मध्ये राज्य विधिमंडळात मांडलेले शक्ती विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले आणि वर्षभर तिथे होते. तपास पंधरा दिवसांत पूर्ण करण्याची मूळ तरतूद बदलून ती तीस दिवसांची झाली. ही दुरुस्ती महत्त्वाची होती, कारण घाईत केलेला तपास न्यायालयात टिकत नाही आणि त्याचा फटका पीडितेलाच बसतो. विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर झाले, मात्र राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते अमलात आले नाही. त्या समितीत कोण प्रत्येक बैठकीला आले, कोणी मसुदा वाचून आले आणि कोण केवळ सही करून गेले, हे मतदाराला कळण्याची सोय नाही. बैठका बंद दाराआड होतात, आणि त्यामागे कारणही आहे: तिथे सदस्य पक्षाची भूमिका थोडी बाजूला ठेवून बोलतात. पण निदान प्रत्येकाची हजेरी तरी सहज सापडेल अशा रीतीने प्रसिद्ध व्हायला काय हरकत आहे? पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत १६ टक्के. सदस्याला अभ्यासाची संधीच न देता त्याच्या अभ्यासाचे गुण कसे द्यायचे, असाही प्रश्न आहे.

हजेरीचे तसेच. पहिल्या लोकसभेच्या ६७७ बैठका झाल्या आणि सतराव्या लोकसभेच्या २७४. कमी दिवसांतली नव्वद टक्के हजेरी जास्त दिवसांतल्या सत्तर टक्क्यांपेक्षा चांगली दिसते, इतकेच. मंत्री तर हजेरीपटावर सहीच करत नाहीत. मतदानाच्या नोंदींवरूनही आपल्याकडे फारसे काही हाती लागत नाही, कारण बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात. क्वचित मतविभागणी, म्हणजे प्रत्येकाचे मत नोंदवून मोजणी, झालीच, तर १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे सदस्याला पक्षादेशाप्रमाणेच मत द्यावे लागते, नाही तर सदस्यत्व धोक्यात येते.

मग मी काय पाहतो? गेली काही वर्षे मी एक वही ठेवली आहे. आमच्या तालुक्याशी संबंधित प्रश्न विधिमंडळाच्या कामकाजात आला की त्याची नोंद करतो आणि त्याचे पुढे काय झाले ते खाली लिहीत जातो. प्रश्न, मंत्र्यांचे उत्तर, उपप्रश्न, दिलेले आश्वासन, आश्वासनाची पूर्तता, अशा पायऱ्या असतात. लोकसभेत आश्वासन तीन महिन्यांत पूर्ण करावे असा दंडक आहे आणि आपल्या विधिमंडळातही आश्वासन समिती आहे. तरीही वहीतल्या बहुतेक नोंदी दुसऱ्या पायरीवरच थांबलेल्या आहेत.

त्यांपैकी एक नोंद आमच्या ग्रामीण रुग्णालयाची आहे. सोनोग्राफीचे यंत्र आले होते, पण ते चालवणारे तज्ज्ञ डॉक्टर नव्हते, त्यामुळे यंत्र प्लास्टिकच्या आवरणात खोलीत पडून होते. माझ्या वहिनींना सातव्या महिन्यात त्या तपासणीसाठी एसटीने चाळीस किलोमीटर जावे लागले होते. या विषयावर तारांकित प्रश्न आला तेव्हा मला फार आनंद झाला. त्यावर पाच नावे होती आणि आमच्या आमदारांचे नाव चौथे होते. पहिले नाव दुसऱ्या जिल्ह्यातल्या सदस्यांचे होते. कार्यवाहीचा वृत्तान्त वाचला तर उपप्रश्न त्यांनीच विचारला होता: यंत्र कोणत्या तारखेला आले, पद केव्हापासून रिक्त आहे आणि ते कोणत्या तारखेपर्यंत भरणार? तीनही ठिकाणी त्यांनी तारीख मागितली होती. मंत्र्यांनी तीन महिन्यांत पद भरू असे सांगितले. ते भरले गेले नाही. पुढच्या अधिवेशनात त्याच सदस्यांनी मागच्या उत्तराचा दिनांक देऊन पुन्हा विचारले. आमच्या आमदारांचे नाव त्या दुसऱ्या प्रश्नावर नव्हते. ते त्या दिवशी एखाद्या समितीच्या कामात असतील, मला ठाऊक नाही आणि त्यांच्या हेतूबद्दल मी काही म्हणत नाही. मी फक्त एवढेच म्हणतो की त्या दुसऱ्या प्रश्नाचे मोल पहिल्याच्या दहापट आहे आणि आपल्या कोणत्याही तक्त्यात दोघांचे वजन सारखेच धरले जाते.

कार्यअहवालाच्या त्या लहान तक्त्यात आमच्या रुग्णालयाचा प्रश्न एक आकडा वाढवून बसलेला आहे. मी आमदारांना पत्र लिहून विनंती केली आहे की पुढच्या अहवालात एकूण संख्या दिली नाही तरी चालेल, परंतु ज्या प्रश्नांवर त्यांनी दुसऱ्यांदा विचारणा केली त्यांची यादी द्यावी, प्रत्येकासमोर मंत्र्यांनी काय आश्वासन दिले ते लिहावे आणि आज त्याची स्थिती काय आहे तेही लिहावे. त्यांच्या कार्यालयातून पोच मिळाली आहे.

रुग्णालयात आता कंत्राटी तत्त्वावर एक डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. गेल्या शुक्रवारी मी तिथे गेलो होतो. यंत्रावरचे आवरण निघालेले होते आणि बाहेरच्या बाकावर अकरा बायका बसल्या होत्या. त्या नोंदीखाली मी तारीख घातली आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या त्या सदस्यांना एक पोस्टकार्ड टाकले.