पास्त्यात पण कणी राहायला हवी

रविवारी मुलुंडला दादाकडे होतो. पुतणीला पास्ता हवा होता म्हणून वहिनींनी हौसेने सगळी तयारी केली, शिमला मिरची, कॉर्न, टोमॅटोचा सॉस, आणि पास्ता शिजल्यावर चाळण सिंकमध्ये ठेवून पातेलं वाकवणार तेवढ्यात मी जवळजवळ ओरडलोच, वहिनी थांबा, आधी एक वाटी पाणी काढून ठेवा! त्या म्हणाल्या, अहो भाऊजी पिठूळ पाणी आहे ते, आणि गार पाण्याने धुतला नाही तर गोळा होतो त्याचा. त्यांचं काही चुकलं नाही, आपल्या बऱ्याच घरांत असंच शिकवलंय, पाण्यात तेल घाला, मऊ होईपर्यंत उकळा, नळाखाली धुवा, मग सॉसमध्ये ढकला. मला हे मनापासून पटत नाही, म्हणून लिहितोय.

मला सांगा, वरणफळं करताना आपण फळं वेगळी उकडून, धुऊन मग वरणात टाकतो का? कच्चीच सोडतो उकळत्या वरणात, आणि त्यांचं पीठ सुटून वरण कसं छान दाट होतं, फळाला चिकटून येतं. पास्त्याचंही तेच आहे हो. त्या पिठूळ पाण्यातला स्टार्चच तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवतो. धुतलात की तो गेला, मग सॉस ताटात खाली आणि पास्ता वर कोरडा. आणि पाण्यात घातलेलं तेल नुसतं वर तरंगतं, चिकटणं थांबतं ते पहिली दोन मिनिटं नीट ढवळल्याने.

मीठ मात्र पाण्यातच, आणि भीत भीत नाही. इटलीत साधा हिशोब सांगतात, १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ. म्हणजे दीड-पावणेदोन छोटे चमचे, चव घेतली तर आमटीपेक्षा खारट लागलं पाहिजे. मागाहून सॉसमध्ये कितीही मीठ घाला, पास्ता आतून अळणीच राहतो.

शिजला कधी हे घड्याळापेक्षा दाताला कळतं. एक पेने, म्हणजे नळीसारखा पास्ता, काढायचा, फुंकर मारून मधोमध चावायचा आणि कापलेल्या बाजूकडे बघायचं. मध्ये टाचणीसारखी बारीक पांढरट रेघ दिसते ना, तीच कणी. भातात कणी राहिली तर आई पुन्हा झाकण ठेवायला लावायची, इथे ती दिसली की लगेच काढायचा, कारण उरलेला तो सॉसमध्ये शिजणार आहे. पाकिटावर ११ मिनिटं लिहिली असतील तर मी ९ ला काढतो, सरळ कढईत घेतो, डावभर ते पाणी घालतो आणि आच मोठी करून दोन मिनिटं हलवत राहतो. सुरुवातीला तेल वेगळं, पाणी वेगळं दिसतं, मग चरचर हळूहळू कमी होते, बुडबुडे जाडसर होतात आणि सगळं मिळून दुधट होऊन पास्त्याला धरतं. तिथे गॅस बंद. हे जमलं की नुसता लसूण, ऑलिव्ह तेल आणि सुकी लाल मिरची पुरते, नेपल्सकडची लोकं तसाच खातात, वर पार्सली. मी कोथिंबीर घालतो आणि छान लागते.

व्हाइट सॉसबद्दल एवढंच की तो इटलीतही आहे, बोलोन्याच्या लझान्यात थरांमध्ये असतो, पण प्रत्येक पास्ता त्यात बुडवला तर गव्हाची चव कुठे लागणार?

आणि चव असते हो गव्हाला! पाकीट उलटं करून बघा, मैदा लिहिला असेल तर कितीही जपा, तो लगदा होणारच. ड्युरम गव्हाचा रवा हवा. इटलीत तर सुका पास्ता ड्युरमचाच करायचा असा नियम १९६७ च्या कायद्यापासून आहे. आणि ड्युरम म्हणजे काही परका नाही, आपला बन्सी गहू त्याच जातीचा, पिवळसर, कडक, रव्याला आणि शेवयांना चांगला म्हणून आज्या मुद्दाम मागून आणायच्या. तिकडे इटलीतल्या बारी शहरात बायका गल्लीत टेबल टाकून रव्याच्या पिठाचे छोटे कानासारखे ओरेक्येत्ते बोटाने दाबून करतात, आणि आपल्याकडे लग्नघरात चार जणी बसून खिरीसाठी गव्हले, नखुले, मालत्या वळायच्या. माझी आजी नखुले करताना अंगठ्याच्या नखाने इतक्या पटकन दाबायची की परातीत बघता बघता ढीग व्हायचा. म्हणून पास्ता म्हणजे मुलांचं फास्टफूड, कसाही केला तरी चालतो, असं कुणी म्हटलं की मला खरंच वाईट वाटतं.

वहिनींनी त्या दिवशी वाटीभर पाणी ठेवलं आणि न धुता कढईत घेतला. पुतणीने कढईला चिकटलेला सॉससुद्धा पावाने पुसून खाल्ला. आता मला बन्सी रव्याचे ओरेक्येत्ते घरी करून बघायचेत, कुणी केले असतील तर पीठ किती घट्ट मळलं आणि किती वेळ झाकून ठेवलं ते खाली नक्की लिहा.