सिमेंटचा पत्रा

मागच्या उन्हाळ्यात जर्मनीत, हानोव्हरजवळच्या आमच्या गल्लीत शेजारच्या आजोबांच्या गॅरेजचं छप्पर उतरवलं. आठ दिवस आधी टपालपेटीत चिठ्ठी आली होती: त्या दिवशी खिडक्या बंद ठेवा, कपडे बाहेर वाळत घालू नका. ठरल्या दिवशी अंगभर पांढरे सूट आणि तोंडाला मास्क लावलेले चौघं आले. त्यांनी पत्रे आधी पाण्यानं भिजवले, स्क्रू काढून अख्खेच्या अख्खे खाली घेतले आणि जाड पिशव्यांत बांधून नेले. मी वरच्या खिडकीतून बघत होते. तो पत्रा मी लगेच ओळखला. राखाडी, पन्हाळीचा, कडेला शेवाळ. माण तालुक्यातल्या आमच्या पडवीवर हाच होता आणि पहिली ते चौथी मी ज्या शाळेत शिकले, तिच्यावरही हाच.

आपण त्याला सिमेंटचा पत्रा म्हणतो. त्यात सिमेंटबरोबर ॲस्बेस्टॉस ह्या खनिजाचे बारीक तंतू असतात आणि ते श्वासातून छातीत गेले तर घातक ठरतात, हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात धाकट्या भावाचा फोन आला. गोठ्यावर नवे पत्रे टाकायचे होते. मी म्हटलं, सिमेंटचे घेऊ नकोस. तो म्हणाला, "ताई, लोखंडी पत्रा मार्च-एप्रिलात असा तापतो की जनावरं धापा टाकतात. पावसात आवाजानं बोललेलं ऐकू येत नाही, वर चार वर्षांत गंजतो. सिमेंटच्या पत्र्याला काय धाड भरलीय? ISI मार्क असतो त्यावर." घरच्या ग्रुपवर काका त्याच्या बाजूनं उतरले. पुढारलेल्या देशांनी आपली घरं ह्याच मालानं बांधून घेतली, आता गरिबाच्या छपरावर त्यांचा डोळा, असं त्यांचं म्हणणं.

काकांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, त्यात तथ्य आहे. कॅनडाचंच बघा. क्युबेक प्रांतात ॲस्बेस्टॉसच्या मोठ्या खाणी होत्या, एका गावाचं नावच ॲस्बेस्टॉस होतं. स्वतःच्या पार्लमेंटच्या इमारतींतून हा माल खरवडून काढायचं काम चालू असतानाच कॅनडा तो जहाजं भरून परदेशी विकत होता आणि भारत त्याचं मोठं गिऱ्हाईक होता. खाणी बंद पडल्यावर, २०१२ मध्ये, त्या सरकारनं हा माल धोकादायक रसायनांच्या आंतरराष्ट्रीय यादीत घालायला विरोध करणं सोडलं. देशात बंदी आली २०१८ च्या अखेरीस. २०२० मध्ये गावानं नावही बदललं. धंदा संपल्यावर शहाणपण आलं, हे उघड आहे, आणि त्याचा राग मलाही येतो.

पण ती यादी काय आहे, हे आपल्याकडच्या चर्चेत कुणी सांगतच नाही. धोकादायक रसायनांच्या व्यापारासाठी १९९८ मध्ये रॉटरडॅम करार झाला आणि २००४ पासून तो लागू आहे. त्याच्या यादीत एखादी वस्तू गेली म्हणजे तिच्यावर बंदी येते असं नाही. विकणाऱ्या देशानं घेणाऱ्या देशाला आधी धोका कळवायचा, आणि घेणाऱ्यानं हो की नाही ते सांगायचं, एवढंच. क्रायसोटाइल, म्हणजे पांढरा ॲस्बेस्टॉस, ह्या यादीत घालावा असं कराराच्याच तज्ज्ञ समितीनं सुचवलं आणि २००६ पासून तो विषय बैठकीत येतोय. नियम असा, की एकमत हवं. त्यामुळे हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढे देश दरवेळी तो अडवतात. २०२५ च्या जिनिव्हातल्या बैठकीतही अडला. अडवणाऱ्यांत रशिया आणि कझाकस्तान आहेत, ते माल खणून विकतात. त्यांचा स्वार्थ तरी समजतो. भारत मात्र घेणारा देश. २०११ मध्ये आपण यादीला पाठिंबा जाहीर केला होता आणि २०१३ मध्ये पुन्हा विरोधात गेलो. धोक्याची सूचना आपल्याला नको, असं घेणाऱ्यानंच म्हणावं? मला हे सहन होत नाही. ती सूचना माझ्या भावासाठी आहे, आमच्या तालुक्यातल्या दहिवडीच्या बाजारात पत्रे उतरवणाऱ्या हमालासाठी आहे.

ISI मार्कचंही तसंच. IS ४५९ हे भारतीय मानक पत्र्याचं माप, ताकद, पाणी झिरपणं तपासतं. पत्रा फुटणार नाही, ह्याची ती हमी. ग्राइंडरनं कापताना, पत्रा अडकवायच्या जे-हुकसाठी भोक पाडताना उडणारी धूळ कुणाच्या छातीत जाईल, ह्याबद्दल तो शिक्का काही बोलत नाही.

पत्रा डोक्यावर आहे म्हणून लगेच आजार होतो असं नाही. तो कापताना, तोडताना, जुना होऊन झिजताना तंतू सुटतात आणि कर्करोग उमटतो तो वीस-तीस-चाळीस वर्षांनी. म्हणून 'आमच्या आजोबांना काही झालं नाही' हा पुरावा होत नाही. ज्यानं आमचे पत्रे कापून बसवले त्या गवंड्याचं पुढे काय झालं, हे आमच्यापैकी कुणी कधी विचारलंय?

जर्मनीचंही कौतुक मी करत नाही. ॲस्बेस्टॉसिस, म्हणजे ह्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार, इथे १९३६ मध्ये कामगारांचा व्यावसायिक आजार म्हणून मान्य झाला आणि बंदी आली १९९३ मध्ये. मधल्या सत्तावन्न वर्षांची किंमत इथले लोक अजून मोजताहेत, त्या धुळीपायी आजही दरवर्षी हजाराहून जास्त माणसं दगावतात. माझं भांडण नेमकं इथे आहे. ह्या देशानं आपली माणसं गमावून जे शिकून घेतलं, ते भारतानं पुन्हा पहिल्यापासून, आपली माणसं गमावून का शिकायचं? नियम वेगळे असतील, ऐपत वेगळी असेल, पण फुप्फुस वेगळं नाही. काकांना मी हेच लिहिलं. त्यांनी ग्रुपवर पसंतीचा अंगठा टाकला नाही, पण वाद थांबवला.

भावानं शेवटी रंगीत लोखंडी पत्रे घेतले, खाली उष्णता अडवणारं अस्तर लावून. पैसे जास्त गेले, त्यातले थोडे मी पाठवले. हा मार्ग प्रत्येकाला नाही, हे मला कळतं. ज्याच्या घरात परदेशातून पैसे येत नाहीत त्यानं स्वस्त छप्पर कुठून आणायचं, त्याचं उत्तर सरकारनं अनुदानात द्यायला हवं.

परवा त्यानं गोठ्याचा फोटो पाठवला. मागच्या बाजूला जुने पत्रे रचून ठेवलेले दिसत होते, दोन फुटलेले. त्यानं विचारलं, "ताई, हे टाकायचे कुठं? रस्त्यावर भर टाकायला लोक मागताहेत." हानोव्हरमध्ये असले पत्रे घेऊन कुठे जायचं ते मला ठाऊक आहे. दहिवडीत कुठे, ते शोधायला मी दोन दिवस फोन करतेय. तोवर मी त्याला एवढंच सांगितलंय, की कुणालाही देऊ नकोस, फोडू नकोस, पाणी मारून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळ आणि पोरांना तिकडं जाऊ देऊ नकोस.