‘आपल्या एकट्यानं काय होणार?’ या फॉरवर्डला उत्तर

नातेवाइकांच्या, सोसायटीच्या, वर्गमित्रांच्या ग्रुपवर एक मेसेज सतत फिरत असतो. त्याचं म्हणणं असं: जग बदलतात ते पैसेवाले आणि सत्तेतले, एवढ्याशा कामानं काही साधत नाही, सामान्य माणसाचं कुणी ऐकत नाही, तेव्हा आपलं घर सांभाळा. थकलेल्या माणसाला हे लगेच पटतं. म्हणूनच ते खोडून काढायला हवं.

आधी पैसा आणि सत्ता. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं न्यूमोनिया ओळखण्यासाठी निरक्षर दायांच्या हाती एक साधं यंत्र दिलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि ओळीत ओवलेले मणी. बाळाच्या छातीकडे बघत श्वास मोजायचे, दहा झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटच्या लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया. पुढे 39 गावांत गावातल्याच, जेमतेम शिकलेल्या बायका आरोग्यदूत झाल्या. बाळाला ऊब देणं, वजन करणं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणं, हे सगळं त्या घरी जाऊन करू लागल्या. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू तुलनेसाठी निवडलेल्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी घटले. 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं हा अभ्यास छापला. कुणी म्हणेल, बंग तर मोठे डॉक्टर. खरंय, पण बाळाच्या उशाशी बसायची ती आरोग्यदूत. तिच्याकडे ना पैसा होता, ना पद.

आता ‘एवढ्याशा कामानं’. घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत 2011 पासून केंद्र सरकारनं देशभरातल्या ‘आशा’ या गावपातळीवरच्या आरोग्यसेविकांकडे सोपवली. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल, तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी आशाताईनं घरी यायचं असतं. तुमच्या वाडीत येते का, विचारून बघा.

‘कुणी ऐकत नाही’? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं मे 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव केला: नवरा वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र काढायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांना तसंच करायला सांगितलं. ठरावानं रूढी एका दिवसात मरत नाही, हे मान्य. पण नको म्हणणाऱ्या बाईच्या पाठीशी आता अख्ख्या गावाचा लेखी शब्द आहे.

मेसेजमधली एक गोष्ट मला पटते: एकट्यानं होत नाही. वरच्या दोन्ही ठिकाणी कुणीच एकटं नव्हतं. मात्र त्यावरून ‘काहीच करू नका’ हा निष्कर्ष निघत नाही, ‘आणखी चारजण शोधा’ एवढाच निघतो.

राहिला ‘घर सांभाळा’ हा सल्ला. बाळं घरातच दगावत होती, बांगड्याही घरातच फुटत होत्या.