पाळणा का थांबतो?

जननदर घसरल्याची बातमी आली की 'हल्लीच्या मुलींना मूलच नको' हे वाक्य ठरलेलं. ते वाचून मनापासून संताप येतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, १.७ निघाला, लोकसंख्या पिढ्यान्‌पिढ्या तेवढीच राहायला २.१ लागतो. पण आपल्याकडे लग्न झालेल्या बहुतेक बायकांना पहिलं मूल होतंच. तिसरं केव्हाच मागे पडलं. आता अडतं ते दुसऱ्यापाशी, आणि माझ्या मते त्याचा निकाल पहिल्याच्या पहिल्या तीन वर्षांत लागतो.

हिशोब मांडून बघा. संघटित क्षेत्रात पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा आहे. त्यातले ८ आठवडे बाळंतपणाआधी घेतले तर नंतर उरतात १८. म्हणजे बाळ चार महिन्यांचं आणि आई कामावर. डॉक्टर सांगतात, सहा महिने फक्त अंगावरचं दूध द्या. काढलेलं दूध बाहेर ४ तास, फ्रिजमध्ये ४ दिवस टिकतं. पण ऑफिसात ते काढायला आतून कडी लागणारी खोली तरी हवी ना? (आधीचे आठ आठवडे घेणं सक्तीचं नाही. तब्येत बरी असेल आणि डॉक्टर हो म्हणत असतील तर ते नंतरसाठी राखा. मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला दिवसातून दोनदा वेगळी सुट्टी मिळते, तीही मागून घ्या.)

रजा संपल्यावर खरा प्रश्न सुरू होतो. पाळणाघराची सक्ती ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनाच. अंगणवाडीत मूल बसतं तिसऱ्या वर्षापासून, त्याआधी मिळतो घरपोच आहार. मधली अडीच वर्षं आजीच्या गुडघ्यांवर निघतात. आजी गावी असली, आजारी असली किंवा स्वतःच नोकरीत असली, की सुनेची नोकरी जाते. पहिलं तिशीत झालं असेल तर हे निस्तरेपर्यंत तेहतीस उलटतात, आणि पस्तिशीनंतर दिवस राहणं अवघड होत जातं.

शेतमजूर किंवा धुणीभांडी करणाऱ्या बाईला तर रजाच नाही. मातृवंदना योजनेचे पहिल्या मुलासाठी ५,००० रुपये. दुसऱ्यासाठी ६,००० मिळतात, तेही मुलगी झाली तरच. एवढ्यात सहा महिन्यांची बुडालेली मजुरी कशी भरून निघणार?

ईएसआय (कामगार राज्य विमा) योजनेबाहेरच्या नोकरीत रजेचा सगळा पगार मालकाच्या खिशातून जातो. म्हणून मुलाखतीत 'लग्न कधी करणार?' विचारलं जातं. हा खर्च सामाजिक विम्यातून झाला पाहिजे.

घरातही भार बाईवरच. २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांचा त्यात रोज जाणारा वेळ २९९ मिनिटं होता, ते करणाऱ्या पुरुषांचा ९७. आणि 'आता बास' ठरल्यावरचं ऑपरेशनसुद्धा तिचंच: २०१९-२१ च्या त्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या विवाहित जोडप्यांत स्त्री नसबंदी ३७.९ टक्के, पुरुष नसबंदी ०.३. बिनटाक्याची पुरुष नसबंदी अर्ध्या तासाच्या आत होते, माणूस त्याच दिवशी घरी जातो. तीन महिने दुसरं साधन वापरायचं, मग वीर्य तपासून घ्यायचं, एवढंच.