कुलूप आतून उघडतं का?

इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये माझं छोटं दुकान आहे. दूध, ब्रेड, वर्तमानपत्रं, सिगारेटी आणि एका रॅकवर आपला किराणा. युगांडातून १९७२ साली इथे आलेल्या एका गुजराती काकांकडून मी ते चालवायला घेतलं. तिकडे पुण्याजवळ पिंपरी-चिंचवडमध्ये थेरगावला धाकट्या भावाचं हार्डवेअरचं दुकान आहे. रविवारी फोनवर आमचं घरापेक्षा दुकानाबद्दलच जास्त बोलणं होतं.

३० ऑगस्ट २०२३ च्या पहाटे चिखलीत पूर्णानगरला हार्डवेअरच्या दुकानाला आग लागली. दुकानातच राहणारं कुटुंब, आईवडील आणि दोन मुलगे, चौघंही गेले. धाकट्याचं दुकान तिथून फार लांब नाही. पुढचे पंधरा दिवस त्यांच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर एकच वाद चालला होता. काहींचं म्हणणं, दुकानांत माणसं झोपतात ते पोटमाळे सरसकट पाडा, नोटिसा काढा. बाकीचे म्हणत होते, आधीच धंदा नाही, त्यात आम्हालाच छळा. गणपती आले आणि विषय मागे पडला. एप्रिल २०२४ मध्ये संभाजीनगरच्या छावणीत खाली टेलरिंगचं दुकान पेटलं, वर झोपलेली सात माणसं धुरात गुदमरून गेली, तेव्हा तोच वाद त्याच शब्दांत पुन्हा झाला.

दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं आहे. पण दुकानात रात्री कोण झोपतं, आणि आग लागली तर तो कुठून बाहेर पडणार, हे त्या सगळ्या मेसेजमध्ये कुणीच कुणाला विचारलेलं मला दिसलं नाही.

मलाही ते सुचलं नव्हतं. दुकान घेतल्यावर दुसऱ्याच वर्षी मागच्या दारातून चोरी झाली. सिगारेटींचं कपाट रिकामं, गल्ला उपटलेला. महिनाभर झोप उडाली होती. मी मागच्या दाराला आडवी लोखंडी पट्टी ठोकली, वर-खाली कड्या लावल्या आणि एक जाडजूड कुलूप घातलं. किल्ली माझ्या खिशात. काही महिन्यांनी अग्निशमन दलाचा माणूस तपासणीला आला. आग विझवायच्या सिलिंडरचा काटा हिरव्यात आहे का, मीटरपाशी खोकी रचली आहेत का, हे त्याने पाहिलं. मग मागच्या दारापाशी उभा राहिला आणि म्हणाला, दिवे गेलेत, दुकानात धूर आहे, तुम्ही इथे नाही, कामाला असलेली मुलगी एकटी आहे. आता हे दार उघडा. मी खिशात हात घातला. त्याने मान हलवली आणि घड्याळ दाखवलं. माझा चेहरा पडला होता, कारण संध्याकाळी ती मुलगी खरंच एकटी असायची.

त्याने दंड केला नाही, मुदत दिली. आता त्या दाराला आतल्या बाजूने किल्लीचं भोकच नाही, बोटांनी फिरवायची मूठ आहे. बाहेरून दार तेवढंच भक्कम आहे. खर्च एका आठवड्याच्या ब्रेडच्या बिलाइतका आला.

इथला २००५ चा अग्निसुरक्षेचा कायदा दुकान चालवणाऱ्यालाच जबाबदार धरतो. दुकानात आगीचा धोका कुठे आहे, बाहेर पडायचा रस्ता कोणता, हे त्याने स्वतः तपासायचं. पूर्वी पाच किंवा जास्त माणसं कामाला असतील तरच ते लिहून ठेवावं लागे. १ ऑक्टोबर २०२३ पासून ते सगळ्यांनाच लिहावं लागतं, माझ्यासारख्या दोन माणसांच्या दुकानालाही. लिहायला बसलो तेव्हा पहिल्यांदा मी माझं दुकान अंधारात कसं दिसेल याचा विचार केला.

परदेशात सगळं छान असतं, असं मी म्हणणार नाही. याच गावात हिंकली रोडवर फेब्रुवारी २०१८ मध्ये एक दुकान विम्याच्या पैशांसाठी पेट्रोल ओतून उडवलं गेलं. वरच्या घरातली माणसं आणि दुकानात काम करणारी मुलगी धरून पाच जण मेले. तिघांना खुनासाठी जन्मठेप झाली. मी त्या रस्त्याने आजही जातो. ज्याच्या मनात पाप आहे त्याला कागद अडवत नाही. पण बहुतेक दुकानदारांच्या मनात पाप नसतं, चोरीची धास्ती असते, आणि त्या धास्तीपोटी आपण स्वतःच बाहेरचा रस्ता बुजवतो.

कायदा आपल्याकडेही आहे. महाराष्ट्राचा २००६ चा अग्निप्रतिबंधक कायदा मालकावर किंवा जागा वापरणाऱ्यावरच जबाबदारी टाकतो, दर जानेवारीत आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यायला सांगतो. पण ते प्रमाणपत्र सिलिंडरचं आणि पाइपचं. मे २०१९ मध्ये पुण्याजवळ उरुळी देवाचीला साड्यांच्या दुकानात पाच कामगार जळून गेले. ते आत झोपले होते आणि दाराला कुलूप बाहेरून होतं. तिथे भिंतीवर दहा सिलिंडर असते तरी ते कुलूप उघडलं नसतं.

पोटमाळे पाडा म्हणणाऱ्यांना माझं विचारणं आहे, त्या पोरांनी झोपायचं कुठे? गावाकडून आलेला पोरगा पुण्यात खोलीचं भाडं भरू शकत नाही. मालकाला रात्री दुकानात माणूस हवा असतो. दोघांची गरज एकाच पोटमाळ्यावर भागते. बँक सीसी, म्हणजे धंद्यासाठीचं खेळतं कर्ज, देताना मालाचा विमा उतरवून घेते, आत झोपणाऱ्याचा कोण उतरवतो? म्हणून महापालिकेने परवानगीच्या कागदांआधी एवढीच सक्ती करावी असं मला वाटतं: जिथे माणूस झोपतो तिथे बाहेरून कुलूप नको, आणि किल्लीशिवाय आतून उघडणारी दुसरी वाट हवी. व्यापारी संघटनांनी तर यासाठी कुणाची वाट पाहू नये.

धाकट्याकडे परभणीकडचा एक पोरगा माळ्यावर झोपतो. त्याच्यासाठी आतून उघडणारी वाट कर म्हणून मी वर्षभर धाकट्याच्या मागे लागलो होतो. “दादा, तुझ्याकडे पोलीस येतात, इथे ग्रिलला कडी ठेवली तर चोर काच फोडून हात घालेल,” असं तो म्हणायचा. मी म्हटलं, घालू दे, नळाच्या तोट्याच नेईल ना. दिवाळीनंतर त्याने फॅब्रिकेटरला बोलावलं. माळ्यावरच्या मागच्या खिडकीच्या ग्रिलला बिजागऱ्या आणि आतून कडी, खाली गल्लीत उतरायला लोखंडी शिडी.

गेल्या रविवारी मी व्हिडिओ कॉलवर दिवे घालवायला सांगितले. पोरगा चाचपडत खिडकीकडे निघाला आणि वाटेतच पीव्हीसीच्या बेंडच्या पोत्याला अडखळला. धाकट्याने ती पोती तिथल्या तिथे खाली उतरवली. मग दुसऱ्यांदा दिवे घालवले. कडी वाजली, ग्रिल करकरलं, आणि पोऱ्याचा आवाज गल्लीतून आला, “शेठ, उतरलो.”