चौथ्या क्रमांकाचा पहिला अल्बम

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेचा निकाल लागला, की घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ठरलेलं भांडण सुरू होतं: मतांनी भलताच जिंकला, परीक्षकांनी डावललं. इथे अमेरिकेत बसून ते वाचताना वाटतं, की खरा प्रश्न राहूनच जातो. निकालानंतरच्या सहा महिन्यांत त्या गायकाच्या हातात काय असतं?

ख्रिस डॉट्रीचं उदाहरण बघा. नॉर्थ कॅरोलायनाचा हा रॉक गायक मे 2006 मध्ये 'अमेरिकन आयडल'मधून चौथा येऊन बाहेर पडला. 'फ्युएल' या नावाजलेल्या बँडने गायक म्हणून बोलावलं, त्याने नकार दिला. जुलैत आरसीए या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला आणि 21 नोव्हेंबरला अल्बम बाजारात आला. पहिल्याच आठवड्यात 3 लाख 4 हजार प्रती खपल्या, पुढे बिलबोर्डच्या अल्बम-विक्रीच्या यादीत पहिला क्रमांकही मिळाला. त्या हंगामाचा विजेता टेलर हिक्स. एकूण खपात त्याचा अल्बम डॉट्रीच्या जवळपासही पोचला नाही.

फरक पडला तो गाण्यांमुळे. 12 पैकी 10 गाण्यांच्या लेखनात डॉट्री स्वतः होता, 'होम' तर एकट्याचं. निर्माता हॉवर्ड बेन्सनने स्टुडिओत जॉश फ्रीझसारखे कसलेले वादक बसवले. दौऱ्याचा बँड नंतर जमवला. हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. नव्या बँडचा ताल बसायला महिने लागतात, आणि तोवर प्रेक्षक पुढच्या हंगामाकडे वळलेले असतात.

पैशाचंही तेच. 2006 मध्ये अमेरिकेत गाणं लिहिणाऱ्याचा दर होता एका गाण्याला प्रत्येक प्रतीमागे 9.1 सेंट. नवख्याच्या करारात तो बहुतेकदा पाऊणच लावतात, म्हणजे 6.825. लाख प्रतींवर एका गाण्याचे 6,825 डॉलर. त्यातून प्रकाशकाचा आणि सहलेखकांचा वाटा जातो. पण गायक म्हणून मिळणारी रॉयल्टी आधी रेकॉर्डिंगच्या खर्चात वळती होते, लेखनाची सहसा होत नाही. म्हणूनच नुसता गाणारा वर्षानुवर्षं कोरडा राहतो.

आपल्याकडे अभिजीत सावंत मार्च 2005 मध्ये 'इंडियन आयडल' जिंकला आणि थोड्याच आठवड्यांत त्याचा अल्बम आला. आवाज गोड, लोकांचं प्रेम अफाट. पण इतक्या घाईत स्वतःची गाणी कुठून तयार होणार? गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा हक्क सोडायला लावता येणार नाही, हा कायदाही आपल्याकडे 2012 मध्ये आला.

रॉकमध्ये आणखी एक खड्डा आहे, सुराच्या पट्टीचा. टीव्हीवर दीड मिनिटाचा तुकडा असतो, म्हणून गायक सगळ्यात वरच्या सुरात ओरडून टाळ्या घेतो. अल्बमचं गाणं साडेतीन-चार मिनिटांचं. तेच धृवपद तिसऱ्यांदा आलं की आवाज फाटतो, आणि पुढे दौऱ्यात ते रोज गायचं असतं. म्हणून गिटारच्या सहाही तारा अर्धा सूर उतरवून लावतात. वाजवणाऱ्याची बोटं त्याच जागी राहतात, गळ्याला मात्र आराम मिळतो.

तेव्हा घरातलं पोर ऑडिशनला निघालं असेल, तर मतं मागायची मोहीम नंतर. आधी त्याची स्वतःची चार-पाच गाणी पूर्ण करून घ्या, फोनवर का होईना रेकॉर्ड करा, आणि कोणत्या ओळी कोणी लिहिल्या, चाल कोणाची, हे तारखेसह कागदावर सह्या घेऊन ठेवा.